छोटी ब्रुअरी मोठी करावी की आहे तेवढीच बरी? (संभाजीनगर)

वाफसा

मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय कारण डोक्याचा पार भुगा झालाय. मी परभणीला फूड टेक केलं, मग चार वर्षं पुण्यात एका ब्रूपबमध्ये (जागेवरच बिअर बनवून विकणारा बार) टाक्या धुतल्या (खरंच, ब्रुअरचं निम्मं आयुष्य टाक्या धुण्यात जातं) आणि आता तीन वर्षांपासून संभाजीनगरात एका छोट्या मायक्रोब्रुअरीत बिअर बनवतो. मालक माझा आतेभाऊच, त्यामुळे पगारही वेळेवर आणि शिव्याही वेळेवर. नाव सांगत नाही, जाहिरात करायला आलेलो नाही.

सुरुवात केली तेव्हा ५०० लिटरची एक भट्टी, चार फर्मेंटर (आंबवायच्या टाक्या) आणि नळावर तीन बिअरी. पहिले सहा महिने इतके वाईट गेले की आठवड्याला एक बॅच पण संपायची नाही. गिऱ्हाईक यायचं, बसायचं, पहिला प्रश्न ठरलेला, "स्ट्राँग नाही का?" आपल्याकडे बिअर म्हणजे साडेसहाशे मिलीची बाटली, स्ट्राँग, बर्फासारखी थंड, आणि दोन बाटल्यांत काम झालं पाहिजे. त्यात आम्ही ५ टक्क्यांची गढूळ गव्हाची बिअर देणार तीही बाटलीपेक्षा महाग, आणि वरून सांगणार की हिचा वास घ्या, केळ्यासारखा येतो. एका काकांनी सरळ विचारलं, "केळं टाकलंय तर मग गाळून का नाही दिली?" आता काय सांगणार की केळं नाही ओ, यीस्टचा वास आहे तो.

गाडी रुळावर आली मोसंबीमुळे. बेल्जियन पद्धतीच्या विट बिअरमध्ये संत्र्याची साल आणि धने घालतात. मी म्हटलं संत्री कशाला, इथून तासाभरावर जालना आहे, मोसंबीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं गाव. साल किसून घ्यायची, फक्त वरची पिवळी, पांढरा भाग आला की बिअर काढ्यासारखी कडू, लिटरला एक-दीड ग्रॅम, उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांत. धने जाडसर भरडून. आणि बोर्डावर लिहिलं 'विट'. पहिल्याच शनिवारी एक टेबल हसून लोळलं, "प्यायच्या आधीच वीट आला का?" दुसऱ्या दिवशी बोर्ड पुसून 'मोसंबी' लिहिलं आणि तिथून जी चालली ती चालली. स्ट्राँगवाले पण एक मोसंबी मागवायला लागले, बायकोला घेऊन यायला लागले, मग बायका मैत्रिणींना घेऊन यायला लागल्या.

आज आठवड्याला चार बॅच निघतात, शनिवारी रात्री तरीपण एक-दोन नळ कोरडे पडतात. आता पुण्यातले एक पैसेवाले मागे लागलेत की मोठं करा, वेगळी जागा घ्या, २,००० लिटरच्या टाक्या टाका, बाटलीत भरून नांदेड-लातूर-सोलापूरला पाठवा. आतेभाऊ एका पायावर तयार आहे. माझं मन होत नाही आणि का होत नाही ते मला नीट सांगताही येत नाही. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून, शेजारी म्हणून, विरोधक म्हणून काय वाटतं ते बोला.

हिमरू

अय्या तुम्हीच का ते! ओळखलं मी. 😄 मोसंबी खरंच छान आहे. पण आधी तुमचा एसी नीट करा, मे महिन्यात आलो होतो तर ग्लास पेक्षा आम्हालाच जास्त घाम फुटला होता. आणि लेडीज टॉयलेटची कडी. बाकी मोठं करा छोटं करा.

पुणेकर_नाईलाजाने

मी मूळचा उदगीरचा, पोटापाण्यासाठी पुण्यात. माझं मत, वाढवा. पुण्यात डुलाली २००९ ला सुरू झालं, राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी, तेव्हा पण लोक हसलेच होते की हे गढूळ काय, शिळी आहे का. पाच-सहा वर्षांत पुण्या-मुंबईत रांग लागली. जो आधी वाढला तो टिकला. तुम्ही थांबलात तर उद्या पुण्यातलाच कोणीतरी येऊन तुमच्या समोर चौपट मोठं टाकेल आणि मोसंबी पण तोच विकेल. मग बसा टाक्या धूत.

अवांतर: उदगीरला पाठवाल तर पहिलं गिऱ्हाईक माझा धाकटा भाऊ.

म्हैसमाळ

वाफसा भाऊ, मी तोच चोथावाला. 🙏 धाग्याची लिंक तुमच्या पोराने पाठवली म्हणून खातं काढलं.

इथल्या लोकांना सांगतो, बिअर करताना बार्लीतलं गोड पाणी काढून घेतात आणि मागं जो चोथा उरतो तो मी नेतो. एका बॅचला शंभर-सव्वाशे किलो ओला. माझ्याकडं चौदा म्हशी आहेत, फुलंब्रीकडं. आधी वाळूजच्या मोठ्या कारखान्यातून आणायचो, तिथं गाड्यांची लाईन, दलाल, आणि कधी मिळंल कधी नाही. हा माणूस फोन करून बोलावतो, गरम चोथा पोत्यात भरून देतो. दूध वाढतं, यात वाद नाही, प्रथिनं भरपूर असतात. पण म्हशीला रोज आठ-दहा किलोच्या वर देऊ नये असं आमच्या डॉक्टरनं सांगितलंय, कडब्यात मिसळून द्यायचा, आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच आंबतो, आंबलेला घातला की जनावर बसलंच समजा.

आमची आई माळकरी. पहिल्या दिवशी पोतं उतरवलं तर गोठ्यात येऊ देईना, म्हणली दारूचा माल माझ्या म्हशीला नको. तिला सांगितलं की दारू व्हायच्या आधीचा आहे, यीस्ट नंतर पडतं, हे फक्त उकडलेलं धान्य. तिनं मुठीत घेऊन वास घेतला, चाखला पण. मग म्हणली गव्हाच्या चिकासारखा लागतोय, घाला. पण अजून त्याला चोथा म्हणत नाही, 'पेंड' म्हणते.

माझं मत विचाराल तर बॅच वाढल्या तर मला बरंच आहे. पण नांदेडला बाटल्या गेल्या तर चोथा पण नवीन जागेला जाईल, आणि तिथं परत दलाल.

आडवी_बाटली

विरोधक म्हणून बोला म्हणालात म्हणून बोलते. मी ज्या भागात काम करते तिथे हातभट्टी आणि देशीने किती घरं बसली ते मोजायला मी जायला लागते, तुम्ही नाही. आमच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली तेव्हा दुकानदार पण असंच म्हणत होता, मी कुठे जबरदस्ती करतो. पण ते सोडा, तुम्ही म्हणाल की आमच्याकडे तसलं गिऱ्हाईक येत नाही, मान्य.

मला पाण्याचं सांगा. माझ्या घरी आठवड्यातून एकदा नळ येतो, तोही रात्री दोनला आला तर अलार्म लावून उठायचं. २०१६ चा उन्हाळा आठवतो का? लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर, लोक स्टेशनवर बघायला गेले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये खंडपीठाने दारू कारखान्यांचं पाणी आधी ५० टक्के आणि मे महिन्यात ६० टक्के कापायला लावलं. कोर्टाला सांगावं लागलं हे. आणि तुम्ही विचारताय २,००० लिटरच्या टाक्या टाकू का. एक ग्लास बिअरला किती ग्लास पाणी लागतं हे तुमच्या बोर्डावर लिहा आधी, मोसंबीच्या खाली.

वाफसा

@आडवी_बाटली ताई, हा प्रश्न कोणीतरी विचारावा असंच वाटत होतं बहुतेक.

आकडे लपवत नाही. आमच्यासारख्या छोट्या ठिकाणी एक लिटर बिअरला सरासरी नऊ लिटर पाणी जातं. बिअरमध्ये त्यातलं एकच लिटर, थोडं चोथ्यात आणि वाफेत, आणि बाकीचं सगळं धुण्यात आणि थंड करण्यात. चार बॅच म्हणजे आठवड्याला २,००० लिटर बिअर, म्हणजे १८,००० लिटर पाणी, दहा हजारी टँकर दोन. बोअर आहे पण त्याचं पाणी इतकं जड की किटलीला महिन्यात पांढरा थर, आरओ करावं लागतं आणि आरओ निम्मं पाणी फेकून देतं (ते आम्ही फरशी आणि संडासला वापरतो).

उन्हाळ्यात तर अजून मजा. उकळलेलं गोड पाणी, त्याला वर्ट म्हणतात, ते १०० अंशावरून २० अंशावर अर्ध्या तासात आणावं लागतं, नाहीतर नको ते जंतू बसतात. युरोपात नळाचं पाणीच १०-१२ अंश असतं, प्लेटमधून (पाण्याने वर्ट गार करायचं यंत्र) फिरवलं की झालं. इथे मे महिन्यात गच्चीवरची टाकी हात घालू देत नाही. मग तेच पाणी सोडत राहा सोडत राहा, वर्ट ३५ च्या खाली येतच नाही, शेवटी ग्लायकॉल चिलरवर (गार करायचं मशीन) लोड आणि तेवढ्यात लाईट जाते. मागच्या मे मध्ये एक अख्खी बॅच अशी गेली. ५०० लिटर. गटारात ओतताना मी बघत नव्हतो दुसरीकडे तोंड करून उभा होतो.

जुनी_खडकी

मी वाळूजला एका मोठ्या बिअर कारखान्यात सत्तावीस वर्षं काढली, आता निवृत्त. नाव घेत नाही, अजून पेन्शनचा कागद अडकलेला आहे, हलकेच घ्या.

नवीन पोरांना माहीत नसेल पण या शहराला बिअरची राजधानी उगीच म्हणत नाहीत, देशातल्या सगळ्या मोठ्या कंपन्यांचे कारखाने वाळूज-चिकलठाणा-शेंद्र्यात आले. तुम्ही गोव्यात, मुंबईत जी बाटली उघडता तिच्यावर बारीक अक्षरात बघा, औरंगाबाद लिहिलेलं सापडेल. (हो, शहराचं नाव बदलून २०२३ पासून संभाजीनगर झालं, पण हाताला सवय आहे, माफ करा.) कारण काय, तर जायकवाडी. १०२ टीएमसीचं धरण, त्यातलं उपयुक्त ७६. ज्या शहरात नळ आठ दिवसांनी येतो त्याच शहरात बिअर रोज निघते, हे आम्हाला कामावर जाताना पण विचित्र वाटायचंच ताई, पण पगार तिथूनच होता.

आमच्याकडे सगळ्यात जास्त पाणी खाणारी गोष्ट म्हणजे बाटल्या धुण्याचं मशीन. जुन्या बाटल्या परत येतात, त्यात विडीची थोटकं, सुपारी, एकदा तर मेलेली पाल. कॉस्टिकमधून, मग गरम पाणी, मग थंड. सुरुवातीला लिटरला सात-आठ लिटर पाणी जायचं, मग पाण्याचा दर वाढला, कोर्टबाजी झाली, तेव्हा पुनर्वापर लावून चार-पाचवर आणलं. म्हणजे करता येतं, चटका बसल्यावर करतात.

वाफसा, तुमचे आठवड्याचे १८,००० लिटर म्हणजे आमच्या कारखान्यासमोर दर्यात खसखस. पण बाटलीत भरायला गेलात ना तर तुमचा नऊचा आकडा अकरा होईल हे लिहून ठेवा. आणि अजून एक, तुमची बिअर गाळलेली नाही, पाश्चराइज केलेली नाही, यीस्ट जिवंत आहे. बंद बाटली ४२ अंशात नांदेडच्या दुकानाबाहेर दोन तास उन्हात राहिली की काय होतं माहीत आहे ना? फुटली तर बरं, नाही फुटली तर गिऱ्हाईक पिणार आणि तुमचं नाव घेऊन थुंकणार. मग गाळा, पाश्चराइज करा, म्हणजे ती आमच्या कारखान्यासारखी लागेल. मग आमचीच काय वाईट आहे, निम्म्या भावात मिळते.

हिमरू

@जुनी_खडकी मेलेली पाल 🤢 आता आयुष्यात बाटली नाही.

नवखा_२३

छान धागा. घरी बनवायची असेल तर किट कुठे मिळेल? ५ लिटरपुरतं.

जुनी_खडकी

@नवखा_२३ नको. महाराष्ट्रात विनापरवाना घरी दारू गाळणं काय बिअर करणं काय, दारूबंदी कायद्याखाली गुन्हाच. इथे तर प्यायला सुद्धा परमिट लागतं, ५ रुपयांचं एक दिवसाचं, कोणी काढत नाही ते वेगळं. बिअर प्यायला २१ पूर्ण हवेत आणि हार्ड घ्यायची तर २५. आधी आयडीत २३ लिहिलंय ते वय आहे का सांगा.

नवखा_२३

जर्सी नंबर आहे काका 😅

बालाघाट

वाफसा दादा, आमच्या पोरानं सांगितलं तुम्ही ज्वारीची बिअर करायलाव म्हणं? खरंय का. आमच्याकडं दगडी ज्वारी नाही पण मालदांडी हाय, भाव पडलाय, पोत्याला कोण विचारीना झालंय. बार्ली राजस्थानातून आणता तर ज्वारी का नाही चालत, सांगा की जरा नीट. मी औसा तालुक्यातला. आमच्या येळवशीला (वेळ अमावस्येला) आंबील करतो आम्ही, ज्वारीचं पीठ आणि ताक, रात्रभर आंबवायचं, शेतात पांडवाच्या खोपीपुढं बसून प्यायचं, तांब्यावर तांबे. ती पण आंबतीच की. तिच्यात अन् तुमच्यात फरक काय?

वाफसा

@बालाघाट मामा, तुम्ही माझा वीकपॉइंट काढलात आता मोठं टायपणार आहे, मोबाईलवर आहे चुका माफ.

केली. दोनदा. पहिल्यांदा सपशेल फसली. झालं असं की बार्लीतला स्टार्च ६० च्या आसपासच फुगतो आणि तिच्यातच असलेले एन्झाइम ६५-६६ अंशाला त्याची साखर करून टाकतात, एकाच भांड्यात सगळं. ज्वारीचा स्टार्च सत्तरच्या आसपास गेल्याशिवाय धड फुगत नाही, आणि तेवढं गरम केलं तर एन्झाइम मरतात. मी शहाणपणा केला, ३० टक्के ज्वारीचा भरडा सरळ बार्लीबरोबर टाकला. तासाभराने खालचा नळ उघडला तर थेंब नाही. वरून बघतो तर तुमची आंबीलच झालेली, अख्ख्या टाकीत! ज्वारीला बार्लीसारखं टरफल नसतं, गाळणीचं काम ते टरफलच करतं. फावड्याने उपसली, @म्हैसमाळ भाऊ साक्षीदार आहेत.

दुसऱ्यांदा ज्वारी आधी वेगळ्या पातेल्यात शिजवली, पातळ कढीसारखी, थोडी बार्ली घालून म्हणजे फार घट्ट होत नाही, मग बार्लीच्या मॅशमध्ये (गरम पाण्यात भिजवलेला भरडा) ओतली आणि खाली भाताचं तूस टाकलं गाळायला. निघाली. घनता सुरुवातीला १.०४८, आंबून १.०१० वर थांबली, म्हणजे ५ टक्के. चव हलकी, थोडी कोरडी, शेवटी भाकरीच्या पापुद्र्यासारखा एक वास. मला आवडली. गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांनी ग्लास अर्धा ठेवला.

आफ्रिकेत ज्वारीची बिअर जुनी गोष्ट आहे, घरोघर करतात. आणि नायजेरियाने १९८८ ला बाहेरून बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणण्यावर बंदी घातली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांना झक मारत ज्वारीवर यावं लागलं, बाहेरून एन्झाइम घालून केली. म्हणजे होतं. फक्त आपल्याकडे ज्वारीचं माल्ट तयार करून देणारा जवळपास कोणी मला तरी सापडला नाही.

आंबील आणि आमच्यात फरक एवढाच की आंबिलीत ताकाचे जिवाणू आंबट करतात, आमच्यात यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं. दोघंही आंबवणंच.

म्हैसमाळ

एक शंका. ज्वारीला मोड आणून माल्ट करतात ना? कोवळ्या ज्वारीनं जनावराला किरळ लागते, आमच्या चुलत्याचा बैल गेलाय त्यात. पाऊस ताणला की पोंग्यात ते विष जास्त असतं. मग मोड आलेल्या ज्वारीत पण असणार. तो चोथा मी म्हशीला घालू का नको?

वाफसा

@म्हैसमाळ भाऊ मानलं. बरोबर पकडलंत, तेच ते सायनाइडवालं प्रकरण, ज्वारीच्या कोंबात असतं. माल्ट केलं तर वाळवून मोड आणि मुळं चोळून काढून टाकावी लागतात, आणि मग उकळीत उरलेलं उडून जातं. मी वापरली ती मोड न आणलेली, साधी दाण्याचा भरडा, त्यामुळे तुमच्याकडे आला तो चोथा बिनघोर होता. पण पुढे कधी माल्ट करायचं ठरलं तर आधी तपासून घेईन आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय पोतं भरणार नाही. शब्द.

किनवटकर

तुम्ही लोक बिअर बिअर करायलात, आमच्याकडं तेलंगणाच्या शिवेला शिंदी होती ना राव. सकाळची गोड, दुपारची आंबट, संध्याकाळची चढायची. झाडावरून उतरली की यीस्टबिस्ट काही घालायची गरज नाही, आपोआप. निजामाच्या काळापासून. आजोबा म्हणायचे सकाळची शिंदी औषध, संध्याकाळची भांडण. आता खरी शिंदी मिळतच नाही, पावडर कालवलेलं पाणी विकतात.

वाफसा, एक आयडिया फुकट देतो, शिंदीची बिअर.

वाफसा

@किनवटकर तिचं लायसन्सच वेगळं ओ, ताडी-शिंदीचा कायदा आमच्या परवान्यात बसत नाही. आमच्या कागदात जागेवर बनवा, जागेवर विका एवढंच. बाहेर पार्सल पण लॉकडाऊनमध्ये, २०२० ला, ग्राउलर (झाकणाची मोठी बाटली) भरून द्यायची परवानगी मिळाली तेव्हा कुठे. बाटलीबंद विकायची तर पूर्ण ब्रुअरीचा परवाना, म्हणजे वेगळी जागा, वेगळी फी, सगळंच वेगळं.

पुणेकर_नाईलाजाने

मग काढा ना पूर्ण परवाना. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने दारूवरचा कर वाढवला तेव्हा बिअर आणि वाइन वगळली. व्हिस्कीवाले महागले, काही तरी गिऱ्हाईक बिअरकडे सरकणार. हीच वेळ आहे. तुम्ही मराठवाड्याचे लोक ना (मी पण त्यातलाच) संधी दारात आली की आधी तिला पाणी विचारता, चहा विचारता, आणि ती कंटाळून पुण्याला निघून जाते.

आडवी_बाटली

@पुणेकर_नाईलाजाने पाणी विचारलं की राग का येतो? तुमच्या पुण्यात खडकवासला उशाला आहे. इथे पाणी विचारल्याशिवाय काहीच करता येत नाही.

@वाफसा तुम्ही आकडे खरे सांगितलेत हे मला आवडलं, असं सहसा कोणी सांगत नाही. मी तुमच्याकडे कधीच येणार नाही, पण नऊचा आकडा पाच केलात तर मी इथे येऊन तसं लिहीन. आणि ज्वारीच्या त्या बिअरला 'येळवस' वगैरे नाव देऊ नका प्लीज, कोणीतरी सुचवणारच आहे.

बालाघाट

ताई मीच सुचवणार होतो 🙈 ऱ्हाऊ द्या. माय ऐकलं तर मलाच खोपीत बांधून ठेवील.

जुनी_खडकी

वाफसा, तुमचा प्रश्न टाक्यांचा नाहीच मुळी. थंड पाण्याची टाकी वेगळी आहे का तुमच्याकडे? इन्सुलेटेड, रात्री चिलरवर गार करून ठेवायची. वर्ट थंड करताना जे पाणी प्लेटमधून तापून बाहेर येतं ते ७०-७५ अंशाचं असतं, ते सोडता कुठे?

वाफसा

@जुनी_खडकी काका... गटारात.

जुनी_खडकी

अरे देवा. 🤦 ते तुमचं पुढच्या बॅचचं मॅशचं पाणी आहे! फुकट तापलेलं. माझा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो, रविवारी येतो, बिअर पाजायची नाही, शुगर आहे. चहा ठेवा.

हिमरू

हा धागा मी पॉपकॉर्न घेऊन वाचतेय. काका रविवारी गेले का? अपडेट द्या कोणीतरी.

वाफसा

उशीर झाला, दीड महिना झाला, सॉरी. बॅचेस आणि आतेभावाशी भांडण दोन्ही चालू होतं.

काका आले. दोन वेळा. पहिल्या वेळी वही-पेन घेऊन नुसते बसून राहिले, कुठला पोरगा कुठे पाइप उघडा सोडतो ते लिहीत. आमचा क्लीनर पोरगा टाकी धुताना पाइप जमिनीवर टाकून फोनवर बोलतो, तेवढ्यात दोनशे लिटर जातं, मी रोज बघायचो आणि मला दिसायचं नाही. पाइपाच्या टोकाला चापाची गन लावली, काही शे रुपयांची. मग २,००० लिटरची टाकी घेतली खरी, पण बिअरची नाही, थंड पाण्याची. थर्माकोल-पत्रा लावून इन्सुलेट केली, रात्री गार होते. प्लेटमधून बाहेर येणारं गरम पाणी दुसऱ्या टाकीत, पुढच्या मॅशला. शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या टाकीच्या पहिल्या धुण्याला. गेल्या तीन आठवड्यांचं मीटर बघितलं, लिटरला सहा येतंय. ताई, पाच नाही, सहा. पाच बहुतेक होणार नाही आमच्या साईजला पण प्रयत्न चालू आहे. बोर्डावर लिहिलंय, मोसंबीच्या खाली, खरंच. एका ग्रुपने फोटो काढला आणि एकाने विचारलं की म्हणजे पाणी मिसळता का.

पुण्याच्या पैसेवाल्यांना आतेभावाने अजून नाही म्हटलेलं नाही, 'दिवाळीनंतर बघू' म्हटलंय, त्याचं हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. बाटलीचं माझ्यापुरतं नाही. त्याऐवजी दोन फर्मेंटर वाढवतोय, ५०० चेच, जागेवरच, म्हणजे शनिवारी नळ कोरडा पडणार नाही. सहाने गुणलं तर सहा बॅचला पण तेच १८,००० लिटर होतात, हा हिशोब आतेभावाला तीन वेळा करून दाखवला तेव्हा पटला. पुणेकर दादा म्हणतील घाबरट. असेल.

आणि मामा, ज्वारीची तिसरी बॅच लावलीये, फक्त १५ टक्के. परवा नळावर येईल. नाव अजून ठेवलेलं नाही, बोर्डावर 'ज्वारी' एवढंच.

@हिमरू एसी केला. कडी बसवली.

बालाघाट

दोन पोती मालदांडी लावून देऊ का? ट्रॅव्हल्सवाला ओळखीचा हाय, सकाळी सिडकोला उतरवील. पैशाचं नंतर बघू.

आडवी_बाटली

सहा वाचलं. लिहिते म्हणाले होते म्हणून लिहितेय.

म्हैसमाळ

भाऊ, सहा बॅच म्हणजे कोणत्या वारी? सोमवारी-गुरुवारी असेल तर टेम्पो मोकळा आहे, मंगळवारी बाजार असतो. अन् ज्वारीचा चोथा वेगळ्या पोत्यात ठेवा, आईला विचारून मग घालतो.